फॉर म्हणजे साठी

"सेटल, सेटल, सेटल! मामा, आधी मला सांगा, सेटल म्हणजे नेमकं काय?"

पूर्णिमाचा आवाज जरा जास्तच चढला. बेळगुंदीहून बेळगावला निघालेली सकाळची बस. आत माणसांची खेचाखेच, काचांवर श्रावणातली भुरभुर, आणि त्यात ही फोनवर. पुढच्या सीटवरच्या दोन बायका गप्पा थांबवून मागे वळल्या. बायकांच्या फुकट तिकिटात एवढी करमणूक रोज थोडीच मिळते!

पलीकडे खानापुरातून मष्णूमामाही हटायला तयार नव्हता. "अगं, सेटल म्हंजे सेटल! पोराचा पुण्यात फ्लॅट हाय, गाडी हाय. तू तिशीला आलीस पूर्णे, आता किती निवडणार?"

"गाळ खाली बसणं."

हे मामा बोलला नव्हता. पूर्णिमाने मान वळवली. शेजारच्या सीटवर मांडीवर डब्याची पिशवी घेऊन एक तरुण बसला होता आणि अगदी सज्जनासारखा समोर ड्रायव्हरकडे बघत होता.

"काय म्हणालात?"

"तुम्ही इचारलासा न्हवं, सेटल म्हंजे काय? गाळ खाली बसणं. आमच्यात तरी त्येलाच सेटल म्हंत्यात."

"तुमच्यात म्हणजे कुणात?"

"पाण्यात," तो म्हणाला.

पूर्णिमाला हसू आवरेना. फोनमधून मामा ओरडत होता, "कोन हाय गं तिथं? पूर्णे?" तिने "रेंज नाही मामा" म्हणून फोन ठेवून दिला. रेंज चांगली होती, हे शेजारच्यालाही दिसत होतंच.

त्याचं नाव रविराज. निपाणीजवळच्या खेड्यातला, तंबाखूच्या शेतकऱ्याच्या घरचा. डिप्लोमा करून एका खासगी कंपनीत लागला होता आणि ती कंपनी हिंडलग्याकडे पाणी शुद्ध करायचं केंद्र चालवत होती. आदल्या दिवशी बेळगुंदीत मित्राच्या घरी मुक्कामाला आला होता, म्हणून या बसमध्ये. धरणातून येणारं गढूळ पाणी, त्यात तुरटी, मग तो मोठा टँक जिथे पाणी गप्प बसून राहतं आणि गाळ तळाला जातो... असं सगळं तो इतक्या जीव लावून सांगत होता, की हिंडलग्याचा स्टॉप कधी आला ते दोघांनाही कळलं नाही.

"आणि तुम्ही?" त्याने उतरता उतरता विचारलं.

"मी इंग्रजी शिकवते. टिळकवाडीत क्लास आहे माझा."

तो पायरीवरच थांबला. मागचा माणूस त्याच्या पाठीवर आदळला. "इंग्लिश? मॅडम, मला दोन म्हैन्यात कंपनीत बढतीसाठी इंग्लिशमधनं इंटरव्ह्यू द्यायचा हाय! कालपासनं क्लास हुडकालोय..."

"मग या की," ती म्हणाली. एवढं साधं बोलताना तिचे कान का तापले, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

पूर्णिमाचा क्लास म्हणजे एका दवाखान्याच्या वरची खोली, एक फळा आणि तऱ्हेतऱ्हेची माणसं. साडीच्या दुकानात कॉम्प्युटर सांभाळणारी, कन्नड आणि मराठी एका दमात बोलणारी निपाणीची दिव्या. मिलिटरीतून रिटायर झालेले मारुतीराव, ज्यांची नात ऑस्ट्रेलियात जन्मली होती आणि आजोबांशी इंग्रजीतच भांडत होती. अशी सगळी. नियम एकच होता, मराठी आणि कन्नड चपलांबरोबर जिन्याखाली काढून ठेवायची. नियम मोडला तर शिक्षा काही नव्हती, पण मोडणाऱ्याकडे मॅडम अशा बघायच्या की पुरे.

ती आठवड्याला एक शब्द घ्यायची, साधाच, रोजच्या तोंडातला, आणि त्याचे अर्थ कांद्याच्या पापुद्र्यासारखे सोडवत बसायची. रविराज क्लासला आला त्या आठवड्यात तिने फळ्यावर लिहिलं – सेटल. लिहिताना त्याच्याकडे मुळीच बघितलं नाही.

"वाद मिटणं," दिव्या म्हणाली.

"बेळगावात बसून हा अर्थ नको बाई," मारुतीराव म्हणाले, "आपली हयात जाईल." सगळे खो खो हसले. नियम पहिल्या मिनिटालाच मोडला होता आणि मॅडमही हसत होत्या.

मग एकेक अर्थ निघत गेला. धूळ बसते, तेही सेटल. पाखरं संध्याकाळी झाडावर टेकतात, तेही. पोटातली मळमळ थांबते, नव्या नोकरीत माणूस रुळतो, परक्या गावात बस्तान बसतं, पोरगा मार्गी लागतो. फळा भरत आला तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, व्हेअर इज माय गाळ?"

पूर्णिमाने सगळ्यात वर, मोकळ्या ठेवलेल्या जागी लिहिलं – निवळणे.

"एवढ्या सगळ्याला एकच शब्द?" रविराज म्हणाला. "इंग्रजी लई गरीब हो मॅडम."

"गरीब नाही, काटकसरी," ती म्हणाली.

क्लासच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. शिकवून घसा सुकला की ती तांब्याभर पाणी घ्यायची आणि तो मागच्या बाकावरून टक लावून बघायचा.

"काय बघताय?"

"हाऊ इज द वॉटर?"

"पाण्याला काय चव असते?"

"हेच तर! चव लागली न्हाय म्हंजे आमचं काम झालं," तो खुलून म्हणाला. "आज सकाळी मी सोडल्यालं पाणी हाय ते."

पूर्णिमाने तांब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. इतकी वर्षं नळाचं पाणी पीत आली होती, त्यामागे कुणीतरी जागं असतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "थँक यू," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

तो गडबडला. कानाच्या पाळीला हात लावत म्हणाला, "पाण्याबद्दल आमाला फोन येत्यात, पर ते शिव्या घालायला. थँक यू पैलंच."

त्यानंतर तिला रोज तहान जास्त लागायला लागली, आता याला काय म्हणावं! क्लास सुटला की तो स्टँडपर्यंत तिच्याबरोबर चालायचा. रस्त्यातली चिखलाची बाजू स्वतःकडे ठेवायचा. "टुडे वॉटर इज व्हेरी अँग्री," असं काहीतरी सांगायचा. ती चूक सुधारायची नाही, कारण पाणी रागावलेलं तिलाही दिसायला लागलं होतं. एकदा म्हणाला, "मॅडम, टुडे यू आर नॉट सेटल्ड." खरंच नव्हती. सकाळीच मामाचा फोन आला होता. हे याला कसं कळलं?

मामाला वाटायचं, भाची फार निवडते. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त तिच्या आईला, जयाबाईला ठाऊक होती. दोन वर्षांमागे एक स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. साडी घेण्याची बोलणी झाली, आणि एका हॉटेलात समोर चहा ठेवून तो मुलगा म्हणाला, "खरं सांगू? माझ्या मनात दुसरीच होती. ते काही जमलं नाही. पण घरचे म्हणतायत तर... तू चालशील." चालशील! जुनी छत्री पावसात चालते, तशी. पूर्णिमा चहा तसाच ठेवून उठली होती. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, आयुष्यभर एकटी राहीन, पण कुणी मला चालवून घेतलेलं चालणार नाही.

म्हणूनच पुढच्या तासाला 'सेटल'च्या शेपट्या शिकवताना तिचा खडू मोडला. इंग्रजी शब्दाला मागे छोटी शेपटी लागते – इन, ऑन, फॉर – आणि शेपटी हलली की अर्थ फिरतो, असं ती सांगत होती. "सेटल फॉर म्हणजे हवं होतं ते मिळालं नाही, म्हणून हाताला लागलं त्यावर भागवून घेतलं. हे माणसाबद्दल कधीही म्हणू नका," ती म्हणाली. आवाज इतका कडक होता की दिव्याने वहीतून मान वर केली.

मागचा बाक त्या दिवशी रिकामा होता. वरच्या बाजूला धो धो पाऊस झाला होता, धरणाचं पाणी चहासारखं झालं होतं आणि रविराज तुरटीची पोती सोडत डबल शिफ्टला उभा होता.

आणि नेमकं तिथेच पुढचं सगळं पाणी गढूळ झालं.

इंटरव्ह्यू झाला. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर रविराज जिन्यात थांबला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात मिटलेली छत्री. नियम जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत लागू होता आणि तो नियमाचा पक्का.

"मॅडम, आय पास्ड."

"काँग्रॅच्युलेशन्स!" ती इतकी मोठ्याने म्हणाली की खाली दवाखान्यातला कंपाउंडर बाहेर डोकावला.

"दे आर आस्किंग... मस्कत ऑर बेळगाव." पाठ करून आला होता, हे उघडच दिसत होतं. "मस्कत इज बिग पोस्ट. बेळगाव इज स्मॉल पोस्ट. बट..." त्याने डोळे वर केले. त्या डोळ्यांत जे होतं ते वाचायला इंग्रजी लागत नव्हतं, पण आमच्या मॅडम पडल्या शिक्षिका, त्यांनी कानाने ऐकलं. "बट आय विल सेटल फॉर यू."

पूर्णिमाच्या हातातली छत्री घरंगळली. मस्कत मोठं, बेळगाव लहान. आणि ती? भागवून घ्यायची. पुन्हा तोच चहा, तोच शब्द, फक्त आता इंग्रजीत.

"प्लीज डोन्ट," ती म्हणाली. "नॉट फॉर मी."

रविराजचा चेहरा दिवा मालवल्यासारखा झाला. त्याने वाकून तिची छत्री उचलली, पुसली, तिच्या हातात दिली. "ओके मॅडम," तो म्हणाला. "थँक यू... फॉर द इंग्लिश." आणि स्वतःची छत्री न उघडताच भुरभुरीत चालायला लागला.

घरी आल्यावर पूर्णिमाने आमटीत मीठ दोनदा घातलं. जयाबाईने एक घास खाल्ला, लेकीकडे बघितलं आणि आमटीत निमूट पाणी ओतून घेतलं.

"काय झालं गं पूर्णी?"

"काही नाही."

"तू सारखी सांगतीस त्यो पाण्याचा पोरगा काय बोलला?"

"मामासारखंच बोलला. सेटल," पूर्णिमा म्हणाली आणि आईच्या पदरात तोंड खुपसून तिच्या मांडीवर लहान पोरीसारखी रडली. जयाबाईने पुढे काही विचारलं नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. काही आया अशा असतात, त्यांच्यासाठी देवाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तो पुढे क्लासला आलाच नाही. शनिवारी सकाळी उजळणी होती. प्रत्येकाने 'सेटल'चं एक वाक्य सांगायचं. पूर्णिमाचं मन थाऱ्यावर नव्हतं, डोळे सारखे मागच्या बाकाकडे जात होते. मारुतीराव ताठ उभे राहिले, सॅल्यूट ठोकायचे तेवढे बाकी.

"आय वॉज इन जबलपूर. रिटायर्ड. गुड जॉब देअर. बट आय सेटल्ड फॉर माय वाइफ इन बेळगाव!"

दिव्याने तोंडावर ओढणी दाबली. "अण्णा, आक्का ऐकतील तर जेवण बंद!"

"का? त्यात काय चुकलं?" मारुतीराव गोंधळले.

"अण्णा, शेपटी शिकवली होती ना," पूर्णिमा थकल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणताय, दुसरं काही मिळालं नाही म्हणून बायकोवर भागवलं."

"छे छे छे!" ते जवळजवळ ओरडलेच. "नागुबाईला तिकडं करमत न्हवतं मॅडम. माहेरच्या आठवणीनं रडून रडून डोळे सुजवायची. म्हणून आलो परत, तिच्यासाठी! बायकोसाठी बेळगावात सेटल झालो, एवढंच म्हणतोय मी. फॉर म्हणजे साठी न्हवं?"

"फॉर म्हणजे साठी, पण..."

पूर्णिमा तिथेच थांबली. हातातला खडू हवेत राहिला.

फॉर म्हणजे साठी.

मस्कत मोठी पोस्ट. बेळगाव लहान पोस्ट. पण मी *तुमच्यासाठी* सेटल होईन. असं म्हणाला होता तो! मराठीत मनात बांधलेलं वाक्य, इंग्रजीच्या इस्त्रीत घालून आणलेलं. शेपट्या शिकवल्या त्या दिवशी तर तो टँकापाशी उभा होता. आणि मी काय म्हणाले? नॉट फॉर मी... माझ्यासाठी नको!

"देवा," ती पुटपुटली.

"तो रविराज भेटला होता काल," मारुतीराव बसता बसता म्हणाले. "आज संध्याकाळी मस्कतला होकार कळवणार म्हणे. चेहरा मात्र असा, की जसं काय..."

"अण्णा, थँक यू!"

"कशाबद्दल?"

"चुकल्याबद्दल!" पूर्णिमा म्हणाली. पर्स घेतली, चप्पल कशीबशी पायात सरकवली आणि क्लास तसाच सोडून जिना उतरली. मारुतीराव दिव्याकडे बघत राहिले. अशा कारणासाठी त्यांचे आभार जन्मात कुणी मानले नव्हते.

रिक्षा हिंडलग्याला पोचेपर्यंत तिने मनात चार वाक्यं तयार केली आणि चारही खोडली. केंद्राच्या फाटकाशी वॉचमन होता. त्याने हात आडवा घातला. "यारु बेकु?"

इकडे कन्नडमध्ये कुणाला भेटायचं असलं तरी 'कोण पाहिजे' असंच विचारतात. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी आज तो प्रश्न तिला शब्दशः ऐकू आला.

"रविराज बेकु," ती म्हणाली. रविराज पाहिजे. किती सोपं होतं! ना शेपटी, ना भानगड.

वॉचमनने तिथूनच टँकाकडे तोंड करून हाळी दिली, "साहेब! मॅडमगे नीवु बेकंते!" मॅडमना तुम्ही पाहिजे म्हणतात! टँकाच्या कठड्यावर वाकलेला रविराज इतका दचकला की हातातली नमुन्याच्या पाण्याची काचेची बरणी पडता पडता राहिली.

ती कठड्यापाशी गेली. समोर मोठं, शांत पाणी होतं. त्यावर भुरभुर पडत होती आणि आतला तळ हळूहळू दिसत होता.

"मॅडम... तुम्ही हितं?"

"त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात," ती धापा टाकत म्हणाली. "शेपट्या शिकवल्या त्या दिवशी."

"पाणी गढूळ व्हतं."

"मीपण," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं – तो चहा, ते 'चालशील', आणि 'सेटल फॉर'चा खरा अर्थ. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे होत गेले.

"आई शप्पत! मी तुमाला असं बोललो? तोंडावर?" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, रातभर आरशासमोर उभा ऱ्हाऊन पाठ केलतो ते! आणि तुम्ही म्हणलासा नॉट फॉर मी, मला वाटलं, म्हंत्यात, माझ्यासाठी कशाला ऱ्हातोस, जा की मस्कतला..."

"जायचंय तुम्हाला?"

"मला कुठं जायचं हाय! तिथं समुद्राचं पाणी गोड करत्यात. निवळायला पाण्याला सवडच देत न्हाईत." तो हसला, मग गंभीर झाला. "मग बरोबर वाक्य काय, मॅडम?"

पूर्णिमाने पाण्याकडे बघितलं. "आय हॅव सेटल्ड ऑन यू."

"ऑन म्हंजे वर?"

"ऑन म्हणजे सगळं बघून, मनापासून... एकावर ठरवलं."

"वन्स मोअर, मॅडम," तो हळूच म्हणाला. "रिपीट केल्याबिगर पाठ व्हत न्हाय, तुम्हीच सांगितलासा."

"आय हॅव सेटल्ड ऑन यू," ती म्हणाली. आता ते वाक्य त्याचं नव्हतं, तिचंच होतं, हे दोघांनाही कळलं होतं. त्याने बरणी कठड्यावर ठेवली आणि ओला हात शर्टाला पुसून पुढे केला. तिने तो धरला. गार होता, तुरटीने खरखरीत झालेला.

"मग..." तो अडखळला. "तुमच्यासमोर ह्यो शब्द वापरायचा न्हाय, कळतंय मला. तरी इचारतो. हितलाच, ल्हान पोस्टवाला, गाळ बघणारा माणूस... चालंल?"

पूर्णिमा मॅडमनी शुद्ध मराठी, शुद्ध इंग्रजी, सगळं त्या टँकात सोडून दिलं.

"चालंल न्हाय," ती हसत, रडत म्हणाली. "पळंल!"

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मष्णूमामा! तिने एका हाताने फोन कानाला लावला, दुसरा हात सोडला नाही. आज तिला मामाचाही राग येत नव्हता. त्याने त्या दिवशी फोन केला नसता, तर बसमध्ये ती ओरडली नसती, आणि ओरडली नसती तर... किती माणसांचे आभार मानायचे होते!

"पूर्णे, त्या पुण्याच्या लोकांस्नी काय सांगू?"

"नको म्हणून सांगा. मला पोरगा मिळाला मामा."

पलीकडून मग अगदी अपेक्षित प्रश्न आला. "सेटल हाय न्हवं?"

पूर्णिमाने रविराजकडे बघितलं. तो श्वास रोखून उभा होता.

"व्हय मामा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."